हॉर्नबी रोडवरील दुकाने आणि मुंबईचा बदलता पोशाख

मॉरिशस बेटावर उसाच्या मळ्यांत कामाला येणाऱ्या हिंदी मजुरांशी आरंभीच्या काळात जे करारनामे होत, त्यांत पगार आणि शिधा यांच्या जोडीला वस्त्रांचेही कलम असे. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' जहाजातून ३६ मजुरांची तुकडी कलकत्त्याहून पोर्ट लुईस बंदरात आली. त्या काळच्या करारांत महिना ५ रुपये वेतन, ठरावीक तांदूळ-डाळ आणि वर्षाकाठी धोतरे, घोंगडी, बंडी व टोपी एवढा कपडा मालकाने द्यावयाचा, असे ठरत असे. मध्यंतरी बंद पडलेली ही वाहतूक १८४२ च्या कायद्याने पुन्हा सुरू झाली आणि तिच्यासाठी कलकत्ता व मद्रास यांच्याबरोबर मुंबई बंदरही खुले झाले. रत्नागिरी, सातारा व आसपासच्या मुलखांतून निघालेले आपले पूर्वज जहाजात चढले ते मुंबईच्याच धक्क्यावरून. पुढील आयुष्यात त्यांच्या अंगावर काय असावे, हे दुसऱ्या कोणी तरी आधीच लिहून ठेवलेले होते, आणि तेही मोजून. उसाच्या पानांनी अंग कापू नये म्हणून गोणपाट गुंडाळून राबणाऱ्या बायकापुरुषांच्या आठवणी आपल्यापैकी पुष्कळ घरांत अजून सांगितल्या जातात. आपल्या क्रिओल बोलीतील 'गोनी' हा शब्द गावाकडच्या 'गोणी'चाच भाऊबंद होय.

मग या स्मरणिकेच्या वाचकांपुढे मुंबईच्या उंची दुकानांचा इतिहास मांडण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन असे की, ज्या शतकात आपले पूर्वज त्या बंदरातून बाहेर पडले, त्याच शतकात त्या शहरात कापडाच्या व्यापाराला एक निराळेच वळण लागले. अंगावर काय घालावे हे जातीने, मालकाने किंवा सरकारने ठरवावयाचे, की पैसे मोजणाऱ्याने स्वतः ठरवावयाचे, हा प्रश्न तेथे काचेच्या तावदानांमागे मांडला गेला. ती कथा आपल्यास अगदीच परकी नाही.

जुन्या महाराष्ट्रात पोशाख ही व्यक्तीच्या आवडीची गोष्ट फारच थोडी होती. पागोट्याचा घाट पाहून माणसाची जात, प्रांत आणि धंदा ओळखता येई. ब्राह्मणाची पगडी निराळी, प्रभूची निराळी, पारशाची निराळी, मराठे शेतकऱ्याचे मुंडासे निराळे. लुगड्याचा काठ, त्याची लांबी, ते गुडघ्यापर्यंत नेसावयाचे की घोट्यापर्यंत, पायांत वहाण घालावयाची की अनवाणी चालावयाचे, या सर्वांस रूढीचा कडक पहारा होता. तो केवळ रूढीचाच होता असेही नव्हे. पेशवाईत पुण्याच्या सोनार मंडळींनी ब्राह्मणी पद्धतीने धोतर नेसण्यास व परस्परांस 'नमस्कार' म्हणण्यास हरकत घेण्यात आली, आणि पेशव्यांच्या तक्रारीवरून १७७९ साली मुंबईच्या कंपनी सरकारनेही त्या समाजास 'नमस्कार' शब्दाची मनाई केली. धोतराच्या निऱ्यांसाठी दोन राजसत्तांनी पत्रव्यवहार करावा, ही गोष्ट आज विनोदी वाटते. ज्यांच्यावर ती गुदरली त्यांना ती तशी वाटली नसणार.

कापडाची खरेदीही याच चौकटीत चाले. पेठेतील दुकानदार पांढऱ्या गादीवर तक्क्याला टेकून बसे. गिऱ्हाईक आले की पान-सुपारी, घरच्या माणसांची चौकशी, मग एकामागून एक ताग्यांची उलगड. भाव बोलून ठरे. ओळखीच्या गिऱ्हाइकास एक, परक्यास दुसरा, आणि काही जातींच्या माणसांनी तर दुकानाच्या पायरीखालीच उभे राहावयाचे. चांगल्या घरच्या स्त्रिया दुकानी जात नसत. कासार बांगड्या घेऊन दारी येई, कापडवाला गाठोडे घेऊन ओसरीवर येई, आणि जुने झालेले लुगडे बोहारीण भांड्याच्या मोबदल्यात घेऊन जाई. ते लुगडे पुढे कोणाच्या अंगावर जात असे, याचा विचार ज्या घरांतून ते निघे त्या घरांनी क्वचितच केला.

मुंबईत हे सर्व एकाएकी पालटले असे नाही, परंतु पालटाला एक झपाटा आला तो १८६१ नंतर. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेनासा झाला, आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. चार वर्षे मुंबईत पैशाचा पूर लोटला. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत जुन्या किल्ल्याचे तट पाडून शहराला श्वास घेण्यास जागा करण्यात आली. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८,१६,५६२ भरली. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला, समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्यांचे कागदी शेअर रद्दी झाले, पेढ्या बुडाल्या. १८७२ मध्ये मोजलेली वस्ती अवघी ६,४४,४०५ होती. मात्र तट पडल्याने जे रुंद रस्ते आणि मोकळी मैदाने निर्माण झाली ती राहिली, आणि चार वर्षांच्या श्रीमंतीने जी चटक लावली तीही राहिली. गोविंद नारायण माडगावकर यांनी 'मुंबईचे वर्णन' हा आपला ग्रंथ नेमका १८६३ साली, म्हणजे या उधाणाच्या ऐन मध्यावर, प्रसिद्ध केला, हा योगायोग मराठी वाचकाच्या दृष्टीने मोठ्या भाग्याचा होय.

या नव्या मोकळ्या जागेवर उभी राहिलेली एक इमारत आपल्या विषयाशी थेट निगडित आहे. जॉन वॉटसन नावाचा एक इंग्रज कापडव्यापारी व शिंपीकामाचा धंदेवाईक मुंबईत होता. त्याने काळा घोडा भागात १८६७ ते १८६९ या काळात जी वास्तू उठवली तिचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून, सुटा करून जहाजाने आणला आणि येथे जोडला. तीच वॉटसन हॉटेल म्हणून नावारूपास आली. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे हिंदुस्थानात प्रथम दाखवली गेली ती याच हॉटेलात. कापड विकणारा माणूस शहरातील सर्वांत दिमाखदार वास्तूचा मालक होतो, यावरून त्या धंद्यातील नफ्याची कल्पना यावी. १८६९ साली सुवेझचा कालवा खुला झाला, आणि लंडन-पॅरिसचा माल महिन्यांऐवजी आठवड्यांत येऊन पडू लागला. तिकडे एका हंगामात निघालेली टोपी इकडे त्याच हंगामात डोक्यावर चढू लागली. फॅशन ही वस्तू वेगावर जगते. तो वेग मुंबईला सुवेझने दिला.

पुढील चाळीस वर्षांत किल्ला भागात विलायती दुकानांची एक रांगच उभी राहिली. १८९१ मध्ये लंडनच्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सने मुंबईत शाखा काढली. व्हाइटअवे लेडलॉ, इव्हान्स फ्रेझर, अ‍ॅस्क्विथ अँड लॉर्ड ही नावे युरोपियनांच्याच नव्हे, तर सधन हिंदी कुटुंबांच्याही तोंडी बसली. औषधे विकणाऱ्या केम्प कंपनीचे नाव तर 'केम्प्स कॉर्नर' म्हणून एका नाक्यालाच चिकटले, ते आजतागायत सुटलेले नाही. या सर्वांचे केंद्र हॉर्नबी रोड. १८९६ साली सरकारने नियम केला की, या रस्त्यावरील प्रत्येक नव्या इमारतीने खाली पादचाऱ्यांसाठी कमानींची सलग पडवी ठेवावी. प्रत्येक इमारतीचा थाट निराळा, परंतु कमानींची ओळ एकसंध. पावसाळ्यात पाय न भिजवता आणि उन्हाळ्यात डोके न तापवता माणूस अर्धा मैल दुकाने पाहत चालू शकतो, ही सोय त्या नियमाने केली. १९०७ पासून विजेच्या ट्रामगाड्या सुरू झाल्या आणि गिरगाव-परळकडील माणूस काही पैशांत या कमानींखाली येऊन पोहोचू लागला.

या दुकानांची रीत जुन्या पेठेहून मुळापासून वेगळी होती, आणि इतिहासाच्या दृष्टीने मला महत्त्व वाटते ते तिचेच. प्रथम, माल आत गाठोड्यात बांधलेला नसून रस्त्याकडेच्या मोठ्या तावदानामागे मांडलेला. जो विकत घेणार नाही, घेऊच शकत नाही, त्यालाही तो फुकट पाहता येई. दुसरे, किंमत चिठ्ठीवर छापलेली. व्हाइटअवे लेडलॉची तर ख्याती अशी की, रोख मोजल्यावाचून तेथे माल हलत नसे. उधारी नाही आणि घासाघीसही नाही. आपल्या लोकांस हे प्रथम रुक्ष वाटले, कारण घासाघीस हा खरेदीतला अर्धा आनंद. परंतु 'एकच भाव' या पाटीचा एक अर्थ असाही होता की, काउंटरपुढे उभ्या असलेल्या माणसाचे कुळ विचारण्याचे दुकानदाराला व्यापारी कारण उरले नाही. दारावरचा शिपाई मळकट धोतरवाल्याला आत सोडीत नसे हे खरे, आणि काही ठिकाणी काळ्या कातडीकडे पाहून चेहरे वाकडे होत हेही खरे. तथापि पैसा हा एकमेव परवाना मानणारे दुकान जातीच्या समाजात उघडते, तेव्हा त्याच्या दारातून चांगले आणि वाईट दोन्ही आत शिरते. केवळ वाइटाचाच हिशेब मांडणारे लेखक मला अर्धे खरे वाटतात.

दुकानातून बाहेर पडलेला मुंबईकर दिसत कसा होता? आजच्या डोळ्यांनी पाहिल्यास तो काहीसा गमतीचा होता. डोक्यास पगडी, अंगात विलायती बनातीचा बंद गळ्याचा कोट, खाली धोतर, पायांत मोजे व बूट, खिशात साखळीचे घड्याळ, हातात छत्री. पदवीधर, वकील, सरकारी कारकून सगळे याच साच्याचे. टीकाकारांनी या भेसळीची पुष्कळ थट्टा केली, पण मला ती तडजोड मोठ्या शहाणपणाची वाटते. कचेरीतील साहेबाला कोट आणि बूट दिसावे, घरच्या वडीलधाऱ्यांना पगडी आणि धोतर. ज्याला एकाच दिवसात दोन जगांत वावरावयाचे त्याने आणखी काय करावे? परदेशी आलेल्या आपल्या समाजालाही हा पेच नवा नाही. १९०७ साली मॉरिशसला आलेले बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर यांना कोर्टात पगडी आणि पादत्राणे काढण्यास सांगण्यात आले तेव्हा त्यांनी ते मुकाट्याने ऐकून घेतले नाही, हे आपल्यास ठाऊकच आहे.

स्त्रियांच्या पोशाखात पुढाकार पारशी समाजाचा. चीनशी असलेल्या व्यापारातून आलेल्या भरतकामाच्या 'गारा' साड्या, त्यांच्यासोबत झंपर आणि बूट ही पारशी स्त्रियांची रीत शहरात सर्वांच्या नजरेत भरली. तिचा प्रभाव किती दूरवर पोहोचला याचे एक उदाहरण देण्याजोगे आहे. सनदी नोकरीत शिरलेले पहिले हिंदी गृहस्थ सत्येंद्रनाथ टागोर यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली. त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनीदेवी १८६४ च्या सुमारास मुंबईत आल्या, पारशी स्त्रियांची साडी नेसण्याची पद्धत त्यांनी पाहिली, तीत आपल्या सोयीने फेरबदल केला आणि ती बंगालात नेली. तेथे ती 'मुंबईची रीत' म्हणून प्रसिद्ध झाली. मराठी घरांत बदल सावकाश झाला. नऊवारी लुगड्याच्या जागी पाचवारी पातळ येण्यास आणखी दोन पिढ्या लागल्या, आणि ती पातळे घेण्यासाठी स्वतः दुकानात जाऊन काउंटरवर बोट ठेवणारी मध्यमवर्गीय स्त्री तर त्याहून नवी.

मराठी स्त्रियांच्या आवडीनिवडींवर एका पुरुषाने जेवढे राज्य केले तेवढे कोणत्याही दुकानाने केले नसेल, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व. रंगभूमीवर त्यांनी नेसलेले शालू, त्यांचे दागिने, त्यांची केशरचना पाहून कुलीन घरांतील स्त्रिया तशीच खरेदी करीत. स्त्रियांनी पुरुषाकडून नेसणे शिकावे, ही त्या काळाची एक नवलाईच म्हटली पाहिजे. या वैभवाचा कळस झाला तो ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत झालेल्या 'संयुक्त मानापमाना'त. बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकाच प्रयोगात उभे राहिले. उत्पन्न टिळक स्वराज्य फंडासाठी. खाडिलकरांच्या त्या नाटकाची नायिका भामिनी श्रीमंतीच्या डौलापायी गुणी माणसाला प्रथम तुच्छ लेखते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या रात्रीच्या रेशमी दिमाखाला आणखी एक अर्थ येतो. कारण त्याच महिन्याच्या ३१ तारखेस परळला एल्फिन्स्टन मिलच्या आवारात महात्मा गांधींच्या उपस्थितीत विलायती कपड्यांची प्रचंड होळी पेटली. अवघ्या तेवीस दिवसांच्या अंतराने एकाच शहरात स्वराज्याच्या कार्यासाठी एकीकडे उंची वस्त्रांनी पैसा उभा केला आणि दुसरीकडे उंची वस्त्रे जळाली.

ही आग एका दिवसात लागलेली नव्हती. सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, १८७७ च्या दिल्ली दरबारात हाताने विणलेल्या जाड्याभरड्या खादीत उपस्थित राहिले होते. जरतारी पोशाखांच्या त्या गर्दीत ते पांढरे वस्त्र किती उठून दिसले असेल! पुढे १९०५ च्या वंगभंगानंतर स्वदेशीची लाट आली. ७ ऑक्टोबर १९०५ रोजी पुण्यात विलायती कपड्यांची होळी झाली. आणि लोकमान्य टिळक व रतनजी टाटा यांच्यासारख्यांच्या प्रयत्नांतून मुंबईत स्वदेशी को-ऑपरेटिव्ह स्टोअर्स निघाले. या दुकानाकडे इतिहासकारांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही असे मला वाटते. होळी करणे सोपे. परंतु होळीनंतर गिऱ्हाइकाने काय विकत घ्यावे, ते स्वच्छ मांडलेले, एक भावाचे, हॉर्नबी रोडच्या तोडीचे कोठे मिळावे, याचे उत्तर देणे कठीण. स्वदेशीने साहेबी दुकानाचा माल नाकारला, पण त्याची विक्रीची कला उचलली, आणि ते योग्यच केले.

१२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीच्या रस्त्यावर विलायती कापडाने भरलेली मालमोटार अडवताना बाबू गेनू हा तरुण तिच्या चाकाखाली चिरडला गेला. तो गिरणी कामगार होता. हॉर्नबी रोडच्या तावदानातील रेशमी वस्त्र त्याने विकत घेतले असण्याचा संभव नाही. जे कापड त्याच्या हातांखालून जाई त्याच्या मानासाठी त्याने प्राण दिला.

याच काळात वस्त्राच्या प्रश्नाला आणखी एक बाजू होती, आणि स्वदेशीच्या इतिहासात ती बहुधा झाकली जाते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या अस्पृश्य स्त्रियांना सांगितले की, आपली जात ओळखू येईल असे आखूड लुगडे नेसण्याची पद्धत टाकून द्या, वरच्या वर्गातील स्त्रियांप्रमाणे नेसा, अंगावरचे ते हलक्या धातूंचे ओझ्याचे दागिने उतरवा, वस्त्र फाटके असले तरी स्वच्छ ठेवा. स्वतः बाबासाहेब सुटाबुटात वावरत. एकाच दशकात गांधीजींनी अंगावरचे इतर कपडे टाकून पंचा नेसला आणि आंबेडकरांनी सूट अंगावर कायम ठेवला. पहिल्या गोष्टीचे कौतुक आपण लहानपणापासून ऐकतो, दुसरीचा अर्थ समजण्यास मात्र वेळ लागतो. ज्याला चांगले वस्त्र नेहमीच मिळू शकत होते त्याने ते सोडले तर तो त्याग. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या चांगले वस्त्र नेसण्याची बंदी होती त्याने ते नेसले तर त्याला चैन म्हणता येणार नाही. वर्षाला मोजून दिलेल्या धोतरांवर आणि एका घोंगडीवर ज्यांच्या आज्या-पणज्यांनी दिवस काढले, त्यांना हा भेद विस्ताराने समजावून सांगण्याची गरज नसावी. पहिल्या स्वतःच्या कमाईची साडी पेटीत जपून ठेवणारी आजी आपल्या घरोघरी होऊन गेली आहे.

आता दुकानाकडून गिरणीकडे वळणे भाग आहे. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिली कापड गिरणी काढण्यासाठी कंपनी स्थापन केली. पाहता पाहता परळ, लालबाग, वरळी, भायखळा हा सगळा टापू धुराड्यांचा झाला. या गिरण्यांत आले कोण? रत्नागिरीचे, साताऱ्याचे, घाटावरचे. ज्या गावांतून एक भाऊ जहाजाने मॉरिशसला गेला, त्याच गावांतून दुसरा, किंवा त्याचा मुलगा, बोटीने मुंबईच्या गिरणीत आला. एकाने परक्यासाठी ऊस तोडला, दुसऱ्याने परक्यासाठी कापड विणले. गिरणीच्या भोंग्यावर सबंध शहराचे घड्याळ चाले, आणि मुंबईच्या नाटकांना, भजनी मंडळांना, गणेशोत्सवांना प्रेक्षक, गायक आणि वर्गणीदार याच चाळींनी पुरवले.

स्वातंत्र्यानंतरच्या तीस-चाळीस वर्षांवर फार रेंगाळण्याचे कारण नाही. साहेबांची दुकाने एकेक करून मिटली किंवा हस्तांतरित झाली. व्हाइटअवे लेडलॉची हॉर्नबी रोडवरील भव्य इमारत पुढे खादीच्या दुकानासाठी ओळखली जाऊ लागली, आणि खुद्द रस्त्याला दादाभाई नौरोजींचे नाव मिळाले. हिंदुस्थानची संपत्ती विलायतेकडे कशी वाहून जाते याचा हिशेब ज्या पुरुषाने आयुष्यभर मांडला, त्याचे नाव विलायती मालाच्या त्या राजरस्त्यास द्यावे, यात नगरपित्यांनी विनोदबुद्धी दाखवली की न्यायबुद्धी, हे वाचकांनीच ठरवावे. १९५८ मध्ये रेमंड कंपनीने बॅलार्ड इस्टेटमध्ये आपले स्वतंत्र दुकान थाटले. पुढे टेरिलीन आणि टेरिकॉट आले; इस्त्रीची कटकट गेली म्हणून कारकून खूष झाला. आयातीवर कडक निर्बंध होते, त्यामुळे 'फॉरेनचा माल' या दोन शब्दांना एक चोरटी झळाळी आली आणि घड्याळे, नायलॉनच्या साड्या, अत्तरे आडमार्गाने येत राहिली.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप पुकारला. तो विधिवत मागे घेतलाच गेला नाही, असे कामगार अजूनही म्हणतात. संप फसला, गिरण्या एकामागून एक थंडावल्या, माणसे गावी परतली किंवा मिळेल त्या कामाला लागली. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनींबाबत एक तरतूद होती: त्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे व्हावे, एक शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक सामान्यांच्या घरांसाठी, एक मालकासाठी. २००१ साली या नियमात दुरुस्ती होऊन ही वाटणी गिरणीच्या आवारातील केवळ मोकळ्या जमिनीपुरती मर्यादित झाली. जेथे शेड उभ्या होत्या ती जमीन हिशेबातून निसटली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती ग्राह्य धरली. तीन वाट्यांचा नियम मूळ स्वरूपात टिकता तर मध्य मुंबईचे रूप आज वेगळे दिसले असते, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

त्याच १९९१ साली अर्थव्यवस्था खुली होऊ लागली, आणि त्याच वर्षी अंधेरीत शॉपर्स स्टॉपचे पहिले दुकान उघडले. १९९९ मध्ये हाजी अलीजवळ क्रॉसरोड्स आले. २००६ साली एकाच नाममुद्रेचा माल विकणाऱ्या परदेशी पेढ्यांस ५१ टक्के भांडवल घालण्याची मुभा मिळाली, आणि तोवर पंचतारांकित हॉटेलांच्या ओवरीत बसणारी पॅरिस-मिलानची दुकाने रस्त्यावर आली. १९०५ साली, म्हणजे स्वदेशीच्याच वर्षी, स्थापन झालेल्या फिनिक्स मिलच्या आवारात लोअर परळला मुंबईतील अग्रगण्य बाजारसंकुल उभे राहिले. त्यातील पॅलेडियम हा भाग खास उंची मालासाठी. तेथील जुने धुराडे शोभेसाठी राखून ठेवलेले आहे. १९२१ च्या होळीची एल्फिन्स्टन मिल तर दिसतही नाही. त्या जागी काचेच्या उंच कचेऱ्या आहेत. २०११ साली पॅरिसच्या हर्मेसने हॉर्निमन सर्कलला दुकान थाटले आणि त्याच वर्षी मोजक्या साड्याही विक्रीस काढल्या. हे हॉर्निमन सर्कल म्हणजे पूर्वीचे बॉम्बे ग्रीन. १८४४ मध्ये सरकारने कुलाब्याकडे हलवीपर्यंत कापसाच्या गासड्यांचे ढीग याच मैदानावर पडत. येथून कच्चा कापूस गेला आणि येथेच फ्रेंच साडी परत आली; मधल्या दीडशेहून अधिक वर्षांत काय काय घडले ते वर सांगितलेच आहे. १ नोव्हेंबर २०२३ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलात जिओ वर्ल्ड प्लाझा उघडला, तेव्हा जगातील बहुतेक नामांकित पेढ्या एका छपराखाली आल्या.

आपल्या बेटाचाही या कथेत एक धागा आहे. १९७० च्या कायद्याने मॉरिशसमध्ये निर्यातीसाठी खास कारखानदारी सुरू झाली, आणि मळेवाल्यांच्या नाती-पणत्या शिवणयंत्रांपुढे बसल्या. लोकर येथे पिकत नाही, अंगभर लोकर घालावी अशी थंडीही येथे पडत नाही. तरीही विणलेल्या लोकरी कपड्यांच्या निर्यातीत हे बेट जगातील आघाडीच्या देशांत जाऊन बसले. पुष्कळ घरांत स्त्रीच्या हाती स्वतःचा पगार प्रथम आला तो या कारखान्यांतून, आणि त्या पगारातून पोर्ट लुईसच्या कॉर्डेरी रस्त्यावरील कापडाची दुकाने गजबजली. १ जानेवारी २००५ रोजी जागतिक कापड व्यापारातील कोट्याची पद्धत संपली, स्वस्त मजुरीच्या देशांकडे काम वळले आणि कित्येक कारखाने बंद पडले. परळ-लालबागची व्यथा ऐकताना आपल्याकडील ज्या भगिनींनी तो काळ पाहिला त्यांना वेगळे भाषांतर लागणार नाही.

मुंबईस जाणाऱ्या आपल्या मंडळींनी पॅलेडियम अवश्य पाहावे. पाहण्यास पैसे पडत नाहीत. परंतु तेथून दक्षिणेस येऊन, पूर्वीच्या एस्प्लनेडच्या कडेने, क्रॉस मैदानाजवळच्या महात्मा गांधी मार्गावरही एक फेरी मारावी. तेथे पदपथावर छोट्या छोट्या गाळ्यांची लांबच लांब ओळ आहे. लोक तिला फॅशन स्ट्रीट म्हणतात. युरोप-अमेरिकेतील दुकानांसाठी शिवलेला आणि काही कारणाने जहाजात न चढलेला माल तेथे येऊन पडतो. कॉलरीवरची परदेशी चिठ्ठी बहुधा कापलेली असते. कॉलेजातल्या मुली, कारकून, डबेवाल्याचा मुलगा, सगळे तेथे कपडा अंगाला लावून पाहतात, आणि घासाघीस मनसोक्त चालते. एकच भावाची पाटी तेथे कोणी लावलेली नाही.